छत्रीचे सहा तास

६ फेब्रुवारी, सोमवार

लेकीने ही वही दिली. वाढदिवस नाही, काही नाही. म्हणाली, "बाबा, जेवताना तू सूर्याबद्दल जे काही बोलतोस ना, ते सगळं यात लिही. म्हणजे आम्हाला जेवता येईल." तिच्या आईने मान खाली घालून सूप पिण्याचं नाटक केलं, पण खांदे हलत होते. आमच्या वेळी मुलांना डोळे वटारून गप्प करत. आता बापाला वही देऊन गप्प करतात. प्रगती आहे.

तर लिहितो. मी चोवीस वर्षं पाऊस सांगितला. आज पडेल, उद्या पडेल, दुपारनंतर पडेल. गेल्या नोव्हेंबरात पावसाच्या विभागातली माणसं कमी केली आणि मला दोन मजले वर, सौर विभागात पाठवलं. एप्रिलपर्यंत परीक्षेवर आहे. जमलं तर कायम, नाही तर तळघरातली जुन्या नोंदींची खोली. तिथे एक गृहस्थ अकरा वर्षं आहेत. परवा लिफ्टमध्ये भेटले, तर त्यांनीच मला विचारलं की आपण कोणत्या मजल्यावर असतो.

काम असं. सूर्यावर अधूनमधून स्फोट होतो आणि तापलेल्या वायूचा अवाढव्य ढग सुटतो. आपल्या दिशेने सुटला तर पोचायला कधी दीड दिवस, कधी चार. पोचला की उपग्रह, विमानांचे रेडिओ, विजेच्या लांब तारा, सगळ्यांच्या मागे शुक्लकाष्ठ. ढग सुटला हे कोणालाही दिसतं. तो कधी पोचणार हे सांगणं आमचं काम, आणि ते कोणालाच नीट सांगता येत नाही. समोरून थेट अंगावर येणाऱ्या गाडीचा वेग जसा कळत नाही, तसंच हे. दहा तासांची चूक झाली तरी आम्ही एकमेकांची पाठ थोपटतो.

९ फेब्रुवारी, गुरुवार

आज ढग सुटला, चिठ्ठ्या झाल्या.

आमच्या विभागप्रमुख बाई छत्तीस वर्षांच्या आहेत. मी नोकरीला लागलो तेव्हा त्या सातवीत असणार. त्यांनी एक पद्धत घातली आहे. कॉम्प्युटरच्या गणिताचं उत्तर यायच्या आत प्रत्येकाने चिठ्ठीवर आपला अंदाज लिहायचा. फक्त दिवस आणि तास. कारण लिहायचं नाही, दुसऱ्याचं बघायचं नाही. चिठ्ठी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. मग बाई सगळ्या चिठ्ठ्या आणि कॉम्प्युटरचं उत्तर शेजारी मांडतात आणि त्यातून एक वेळ जाहीर करतात. भिंतीवर जाड अक्षरात एकच नियम आहे: जे मनापासून वाटतं तेच लिहा.

मला मनापासून शनिवारी सकाळचे दहा वाटत होते. मी पहाटेचे चार लिहिले.

आता वही खासगी आहे, म्हणून सांगतो. अकरा वर्षांपूर्वी मी पाऊस संध्याकाळी सांगितला आणि तो दुपारी दोनला आला. उघड्या मैदानावर बक्षीस समारंभ चालू होता. सगळ्यात मोठे साहेब चिंब सदऱ्यात भाषण वाचत होते आणि कागदावरची शाई त्यांच्या कोपरापर्यंत उतरली होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हापासून मी जे वाटतं त्याच्या सहा तास आधीचं सांगतो. छत्री नेली आणि पाऊस पडला नाही, तर कोणी भांडायला येत नाही. शिवाय हे खोटं आहे असंही मला वाटत नाही. माझं मन सहा तास आधीपासूनच घाबरलेलं असतं, म्हणजे मनापासूनच झालं की.

बाईंनी माझी चिठ्ठी वाचली आणि टेबलाच्या खणातून हिरवी वही काढून काहीतरी टिपलं. माझ्या चिठ्ठीनंतर ती वही हमखास निघते. इतरांच्या वेळी क्वचित. नोंद घेतली जाते आहे, चांगलं लक्षण आहे.

१२ फेब्रुवारी, रविवार

ढग काल सकाळी साडेदहाला आला. असो.

संध्याकाळी हिच्या मैत्रिणीकडे जेवायला गेलो. ही दातांची डॉक्टर, तीही दातांची डॉक्टर. सातला बोलावलं होतं असं ही म्हणाली. मला निघायला जरा उशीर झाला, साडेसातला पोचलो, तर यजमान अजून टेबलावर ताटल्या मांडत होते. पाहुणे बोलवायचे आणि आपणच अर्धा तास मागे असायचं. लोकांना वेळेचं भान उरलेलं नाही, असं मी गाडीत म्हणालो. मागच्या सीटवर लेकीला खोकल्याची उबळ आली.

आमच्याकडचं भिंतीवरचं घड्याळही तसंच. वीस मिनिटं पुढे असतं. दुरुस्तीला टाकू म्हटलं की ही म्हणते, "राहू दे हो, जुनं झालंय बिचारं." जुन्या वस्तूंवर हिचा फार जीव.

१९ फेब्रुवारी, रविवार

एकट्याची पाळी. काल रात्री ढग सुटला. चिठ्ठ्यांना माणसंच नाहीत, तेव्हा मीच वेळ काढायची आणि मीच जाहीर करायची. मंगळवारी सकाळचे अकरा वाटत होते. पहाटे पाच जाहीर केले. सही करताना हात जरा ऐटीत फिरला हे कबूल करतो.

२२ फेब्रुवारी, बुधवार

आजचा दिवस वाईट.

मोठ्या वीजकेंद्राच्या इंजिनिअर बाईंचा फोन आला. आम्ही त्यांना आपसांत वीजबाई म्हणतो. आमच्या जाहीर वेळा ज्यांना पाठवतो त्या यादीत त्या पहिल्या. पन्नाशीच्या असाव्यात, आवाज घोगरा, एक शब्द फाजील नाही.

"रविवारची वेळ कोणी काढली?"

"मी."

"तुम्ही छत्रीवाले ना?"

ऑफिसात मला छत्री म्हणतात. खिडकी नसलेल्या खोलीत मी रोज छत्री घेऊन येतो म्हणून. ही कीर्ती वीजकेंद्रापर्यंत पोचल्याचं ठाऊक नव्हतं.

"हो."

"माझ्याकडे दोन मोठे ट्रान्सफॉर्मर. एकाचं सील गेलंय, तेल गळतंय. सील बदलायला चौदा तास लागतात. तेवढा वेळ सगळं शहर दुसऱ्याच्या डोक्यावर. त्या चौदा तासांत तुमचं वादळ आलं, तर जमिनीतून तारांमध्ये नको ती वीज घुसते आणि तो एकटा भाजून निघतो. दोघं असले तर भार वाटून घेतात, निभावतात. कळलं?"

"कळलं."

"नवा बनवून यायला एक वर्ष. तोवर अर्धं शहर अंधारात, दवाखान्यांसकट. म्हणून मी तुमची वेळ बघते. सोमवारी संध्याकाळी आठला काम सुरू करून मंगळवारी दहाला संपणार होतं. तुम्ही पाच म्हणालात. मी काम रद्द केलं. सात माणसं परत पाठवली. वादळ आलं साडेअकराला. माझं काम तोवर झालं असतं."

मी म्हणालो, अंदाज हा शेवटी अंदाज असतो.

"हो, तो असतोच," त्या म्हणाल्या. "आता ती माणसं मार्चमध्ये येतील. तोवर मी रोज खाली बादली लावते."

मला खरंच अकरा वाटले होते. अकरा सांगितले असते, तर त्या बाईंचं काम झालं असतं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा कळलं की माझी छत्री कोणाच्या तरी डोळ्यांत जाते.

आजपासून बंद. सहा तास बंद. जे वाटेल तेच लिहीन. कोणाला सांगायची गरज नाही. सांगायचं म्हणजे आधी काय करत होतो तेही सांगावं लागेल, आणि मग तळघर आहेच.

५ मार्च, रविवार

पहिली खरी चिठ्ठी टाकली. मंगळवार, सकाळी सात. इतकं हलकं वाटलं की घरी येताना दोन स्टॉप आधीच उतरून चाललो. मॉडेलवाल्याने, म्हणजे कॉम्प्युटरचं गणित चालवणाऱ्या आमच्या सत्तावीस वर्षांच्या पोराने विचारलं, "काका, लॉटरी लागली काय?"

८ मार्च, बुधवार

ढग बाजूने निघून गेला. आलाच नाही. खरेपणाची परीक्षा घ्यायला कोणी येईना.

१४ मार्च, मंगळवार

किरकोळ ढग सुटला. इतका अशक्त की बाईंनी चिठ्ठ्याही मागवल्या नाहीत, गणितातही घातला नाही. मी मात्र त्याचं चित्र डोळे भरून पाहिलं. थेट आपल्या वाटेवर निघाला आहे, बापडा.

वीजबाईंचा निरोप आला की माणसं आली आहेत. शनिवारी अठराला काम, कारण शनिवारी शहराला वीज कमी लागते. एकोणीसला माणसं परत जाणार, ती पुन्हा तीन महिन्यांनी. गळती वाढली आहे, तीन महिने निघणार नाहीत.

१६ मार्च, गुरुवार

दुपारी चारला मोठा सुटला. मी आल्यापासूनचा सगळ्यात मोठा. सूर्याची तबकडी झाकून घेतलेल्या चित्रात चारी बाजूंनी प्रकाशाचं कडं फुगताना दिसलं, म्हणजे थेट आपल्याकडे.

डब्यात चिठ्ठी टाकण्यापूर्वी वीस मिनिटं विचार केला. हा वेगवान आहेच. पण परवाचा तो अशक्त ढग याच वाटेने पुढे गेला आहे आणि जाताना वाट झाडून गेला आहे. पावसातही हे होतं, पहिल्या ढगाने हवा मोकळी केली की मागचा भरधाव येतो. वाटेत अडवायला काही नाही. मी लिहिलं: शनिवार, दुपारी दोन. सहा तास वगैरे काही नाही. मनापासून दोन.

१७ मार्च, शुक्रवार. दुपार

वेळ जाहीर झाली. शनिवार, रात्री आठ. दोन तास इकडेतिकडे.

मी चकित. आम्ही नेहमी आठ तास इकडेतिकडे म्हणतो, दोन कधीच म्हणत नाही. आणि माझे दुपारचे दोन कुठे गेले? बाईंना विचारलं. त्या खुशीत होत्या. म्हणाल्या, "गणित आठ म्हणतंय, तुमच्या चिठ्ठीवरूनही आठच येतात. इतकं जुळलेलं मी पहिल्यांदा पाहते. म्हणून मी दोन तासांचीच सूट ठेवली."

"माझ्या चिठ्ठीवरून?"

"तुमचं गणित बरोबर धरलंय, काळजी नको."

कौतुकाचा सूर होता, म्हणून मी पुढे बोललो नाही. माझ्या अंदाजात त्यांनी आणखी काही बाबी मिळवल्या असतील. शेवटी त्या प्रमुख आहेत. उगाच आडवं बोलून हात दाखवून अवलक्षण कशाला. वीजबाई उद्या पहाटे चारला सुरू करून संध्याकाळी सहाला संपवणार आहेत, असं कळलं. वादळाआधी दोन्ही ट्रान्सफॉर्मर धडधाकट हवेत, असं त्यांचं म्हणणं.

तरी जाहीर वेळेचा कागद मी तीनदा वाचला.

तोच दिवस, रात्री साडेनऊ



सातला घरी आलो. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं होतं. लेक स्टुलावर चढून नवा सेल घालत होती. मी बाहेर बूट काढत होतो ते तिला दिसलं नाही.

"आई, वीस मिनिटंच पुढे लावू की आता तीस? बाबाला वीसची सवय झालीये."

"वीसच ठेव," आतून ही म्हणाली. "तीस केलं तर कळेल त्यांना."

मी आत आलो. लेक स्टुलावरून उतरली आणि अभ्यासाला गेली. तिला अभ्यासाची एवढी ओढ मी कधी पाहिली नव्हती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून," ही म्हणाली. जरासुद्धा ओशाळली नाही. "तुम्ही वीस मिनिटं उशीर करता, मी घड्याळ वीस मिनिटं पुढे करते. जेवायला साडेसातला बोलावलं असलं तर सात सांगते. पंचवीस वर्षं कुठेही उशीर झाला नाही. बिघडलं काय?"

"आणि मी मधेच सुधारलो असतो तर?"

"तर तुम्ही वीस मिनिटं आधी पोचला असता आणि मला कळलं असतं."

"आणि कळेपर्यंत?"

"कळेपर्यंत कसं कळणार?" ही म्हणाली आणि कांदा चिरायला लागली.

मी तिथेच खुर्चीवर बसलो. डोक्यात लख्ख उजेड पडला. हिरवी वही. दोन अधिक सहा, आठ. माझ्यावर विश्वास टाकून बाईंनी माझी चूक दुरुस्त केली होती. जी चूक मी या वेळी केलीच नव्हती. आणि ती दुरुस्ती कॉम्प्युटरच्या उत्तराशी नेमकी जुळली म्हणून सगळे निर्धास्त झाले होते. वीजबाई उद्या दुपारी दोनला ट्रान्सफॉर्मर उघडा टाकून बसलेल्या असणार.

बाईंना फोन लावला.

"बाई, मी चिठ्ठीत नेहमी सहा तास आधीची वेळ लिहायचो. मुद्दाम. नोव्हेंबरपासून."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "सरासरी पाच तास पन्नास मिनिटं. मी मिळवून घेते."

"आता लिहीत नाही. बावीस फेब्रुवारीपासून बंद केलंय. काल मी दोन लिहिले ते दोनच आहेत."



"कारण सांगा," त्या म्हणाल्या. चिठ्ठीत कारण लिहायचं नसतं, म्हणून हे कोणी मला विचारलंच नव्हतं. मी मंगळवारच्या अशक्त ढगाचं सांगितलं. झाडलेल्या वाटेचं सांगितलं.

"तो आम्ही गणितात घातलाच नाही," त्या हळूच म्हणाल्या. मग एकदम कामाचा आवाज. "मी पोराला बोलावते, गणित पुन्हा चालवू. दोन तास लागतील. तोवर वीजकेंद्राला तुम्ही कळवा. मी नाही कळवणार. सवय तुमची होती, सांगायचंही तुम्हीच."

बरोबर होतं त्यांचं. वीजबाईंना फोन केला. सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. रविवारचे पाच हे मुळात अकरा होते, तेही. ते सांगताना कानाच्या पाळ्या तापल्या.

"म्हणजे जाहीर वेळ आठ, तुमची दोन," त्या म्हणाल्या. "खात्री आहे?"

"नाही," मी म्हणालो. "पण या वेळी त्यात माझी भीती मिसळलेली नाही."

"उद्या सहापर्यंत उघडं ठेवलं तर?"

"मी ठेवलं नसतं."

"बघते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बघते म्हणजे काय, हे विचारायचं धैर्य झालं नाही. आता पावणेदहा होत आले. त्या थांबल्या असतील, तर गळका ट्रान्सफॉर्मर तसाच राहणार. पहाटेचे चारच धरून बसल्या असतील, तर विचारच नको. आत्ता सुरू केलं तर होऊ शकतं. रात्री बाराला सुरू केलं तरी बरोबर दोनला संपतं. माझ्या दोनला. ही दोनदा खोलीत डोकावून गेली. दुसऱ्यांदा पाण्याचा ग्लास ठेवून गेली.

१८ मार्च, शनिवार

सुट्टी असून सकाळी आठलाच ऑफिसात गेलो. मॉडेलवाला तिथेच खुर्चीवर झोपला होता. नव्या गणिताचं उत्तर दुपारी तीन. बाईंनी रात्रीच नवी वेळ जाहीर केली होती. माझ्याशी त्या नेमकं कामापुरतं बोलल्या. वीजकेंद्रात कोणी फोन उचलत नव्हतं.

बाराला जेवणाचा डबा उघडला, तसाच झाकला.

बारा अडतीसला घंटा वाजली. पृथ्वीच्या पुढे पंधरा लाख किलोमीटरवर एक उपग्रह पहाऱ्यावर असतो. ढग त्याच्यावरून गेला की तो आम्हाला कळवतो, आणि मग अर्धा तास उरतो. अर्ध्या तासात चौदा तासांचं काम आवरत नाही. ढग दोनला नव्हे, एकच्या सुमाराला येणार होता. आमच्या धंद्यात एवढ्या चुकीला चमत्कार म्हणतात. पण वीजबाईंनी माझ्या शब्दावर रात्री बाराला काम सुरू केलं असेल, तर झाकण अजून उघडं होतं आणि माझ्या चमत्काराने अर्धं शहर जाणार होतं.

फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. बाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मॉडेलवाला नखं खात होता. मी आजवर देवाकडे पाऊस मागितला नाही की नको म्हटलं नाही, पण आज मनातल्या मनात हात जोडले.

बारा पंचावन्नला उचलला.

"झालं," वीजबाई म्हणाल्या. "बारा चाळीसला दोन्ही चालू केले. एका बोल्टने चाळीस मिनिटं खाल्ली."

मी विचारलं, "कधी सुरू केलं होतंत?"

"रात्री दहाला. तुमचा फोन ठेवला आणि माणसांना जेवणावरून उठवलं."

"मी दोन म्हणालो होतो. बाराला सुरू केलं तरी चाललं असतं."

"हो. मी दोन तास आधीचं धरलं."

खरं सांगतो, इतक्या आनंदातही मला जरा लागलं. "म्हणजे माझ्यावर विश्वास नव्हता."

"होता म्हणून तर धरता आलं," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात हसू ऐकलं. "साहेब, तुम्ही तुमचं खरं सांगत जा. वरची भीती मला घालू द्या. किती घालायची ते मला कळतं. जळणार ते माझं आहे."

एक वाजून दहा मिनिटांनी ढग पोचला आणि चुंबकीय मापकाचा काटा उडाला. पडद्यावरची रेघ कागद फाडावा तशी वर गेली. वीजकेंद्रातून कळलं की दोन्ही ट्रान्सफॉर्मर तासभर भुंग्यासारखे घुमत होते, पण भार वाटून घेतला आणि निभावलं. शहरात एक दिवासुद्धा लुकलुकला नाही. खाली रस्त्यावर माणसं पिशव्या घेऊन घरी चालली होती, एक बाई कुत्र्याला रागावत होती. कोणालाच काही माहीत नव्हतं. मला रडू आलं. बाईंनी पाहिलं आणि त्या उगाच कपाट उघडून आत फाइल शोधायला लागल्या.

घरी सांगितलं, पूर्ण, जेवताना. आज कोणी वहीकडे बोट दाखवलं नाही.

२० मार्च, सोमवार

बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. मी तळघराची मनाची तयारी करून गेलो होतो. पुस्तकं न्यायला एक पिशवीही खिशात होती.

"नियम मोडलात, त्याची नोंद होणार," त्या म्हणाल्या. "आणि परीक्षेचे सहा महिने आजपासून पुन्हा."

"चालेल."

"मीही चुकले. तुमचे सहा तास मला पहिल्या महिन्यातच दिसले होते. तेव्हाच विचारायला हवं होतं. मी न विचारता मिळवत राहिले, सोपं होतं म्हणून." मग म्हणाल्या, "आणि वाट झाडून जाणाऱ्या ढगाचं पोराला नीट समजावून द्या. ते आम्हा कोणाला सुचलं नव्हतं."

मी बाहेर आलो तर मॉडेलवाला वही-पेन घेऊन माझ्या खुर्चीशेजारी बसलेलाच होता. त्याला पावसाचं शिकवताना तास कसा गेला कळलं नाही.

दुपारी तीनला नवा ढग सुटला. मध्यम आकाराचा, थोडा तिरका. डबा फिरला. पेन्सिल हातात धरून बसलो. पूर्वी चिठ्ठीला अर्धं मिनिट लागायचं, आज पंधरा मिनिटं लागली. मला बुधवारी सकाळचे नऊ वाटत होते. तीन लिहावेत असं तीनदा वाटलं. या वेळी माझ्या आकड्यात ऑफिसात कोणी काही मिळवणार नाही, वजा करणार नाही. वीजबाई तो खरा धरतील, वरची भीती आपली आपण घालतील आणि त्यावर माणसं कामाला लावतील, हे आता मला माहीत आहे.

नऊ लिहिले, घडी घातली, टाकले. फार भीती वाटली. ती इथे लिहून ठेवतो, चिठ्ठीत तिला जागा नव्हती.